सामुदायिक रेडिओवर तेच ते होतंय? कार्यक्रमांत वैविध्य आणायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे: कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर तालुक्यातल्या एका संस्थेचं सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. रोज आठ तास प्रसारण, दोन पगारी माणसं, दहा-बारा स्वयंसेवक. सुरुवातीचा उत्साह ओसरला आणि आता सगळे कार्यक्रम एकाच छापाचे वाटतात. मुलाखत, गाणं, परत मुलाखत. ऐकणारेसुद्धा तेच बोलून दाखवतात. यात वैविध्य कसं आणायचं?

तुमच्याकडं विषयांची कमतरता नसणार. सोमवारी शेती, मंगळवारी आरोग्य, बुधवारी महिला बचत गट, गुरुवारी स्पर्धा परीक्षा, असं वेळापत्रक बहुतेक केंद्रांवर असतं. पण कानाला विषय कळायच्या आधी आवाज कळतो. बंद खोलीत बसलेली दोन माणसं, त्यातलं एक विचारतंय आणि दुसरं समजावून सांगतंय, हा आवाज रोज तोच असेल तर ऊस असो नाहीतर रक्तक्षय, ऐकणाऱ्याला कार्यक्रम एकच वाटतो. म्हणून नवीन विषय शोधत बसू नका. कोण बोलतंय, कुठं बोलतंय आणि कुठल्या साच्यात (मुलाखत, नाटिका, चर्चा) बोलतंय, या तीन गोष्टी हलवा.

त्यासाठी आधी मोजणी करा. प्रसारित झालेलं सगळं तीन महिने जपून ठेवणं परवान्याच्या अटीत आहेच, तेव्हा मागच्या एका आठवड्याच्या फाइल काढा. वहीत प्रत्येक बोलक्या तुकड्यासमोर लिहा: बोलणारा पुरुष की बाई, अंदाजे वय, गाव, रेकॉर्डिंग स्टुडिओतलं की बाहेरचं, साचा कुठला आणि मिनिटं किती. एक दुपार जाईल, पण चित्र स्वच्छ दिसेल. बहुतेक वेळा पन्नाशीतले पुरुष, स्टुडिओ आणि मुलाखत याच रकान्यांची बेरीज फुगलेली निघते. निदान एकतृतीयांश बोलकी मिनिटं स्टुडिओबाहेरची आणि निम्मे आवाज बायकांचे, एवढं पहिलं उद्दिष्ट पुरे.

आता हिशोबाची बाजू. आठ तास प्रसारण म्हणजे आठ तास नवा माल, हा समज माणसं दमवून टाकतो. तुमच्या मनुष्यबळात रोज सव्वा ते दीड तास नवं बनलं तरी खूप झालं. बाकीच्या वेळेत पुनःप्रसारण, स्वतः रेकॉर्ड केलेलं संगीत आणि जुन्या संग्रहातलं साहित्य. सकाळी सहाला ऐकणारा आणि दुपारी दोनला ऐकणारा माणूस वेगळा असतो, त्यामुळं एकच कार्यक्रम दोनदा लावण्यात कमीपणा नाही. साच्यागणिक लागणारे कष्ट मात्र डोक्यात पक्के ठेवा. अर्ध्या तासाच्या स्टुडिओ मुलाखतीला तयारी, रेकॉर्डिंग, संकलन धरून तीनेक तास जातात. चार ठिकाणचे तुकडे जोडून केलेल्या पंधरा मिनिटांच्या मासिक-धर्तीच्या कार्यक्रमाला दीड दिवस. पाच पात्रांच्या दहा मिनिटांच्या नाटिकेला लेखन आणि तालमीसकट दोन-तीन दिवस. थेट फोन-इन (ऐकणारे फोन करून बोलतात तो कार्यक्रम) सगळ्यांत स्वस्त, कारण त्याला संकलनच नाही. आठवड्यात एक महागडा साचा, दोन मध्यम आणि बाकी स्वस्त, असं मिश्रण ठेवलं तर स्वयंसेवक टिकतात. रोज एक नाटिका ठरवून बसलेलं केंद्र दुसऱ्या महिन्यात परत मुलाखतीवरच येतं.

वेळापत्रक ऐकणाऱ्याच्या घड्याळावर बांधा, आणि ऐकणारा म्हणजे अख्खा जिल्हा धरू नका. परवान्यात प्रभावी प्रक्षेपण शक्तीची मर्यादा १०० वॅट आणि मनोऱ्याची जमिनीपासून ३० मीटर. सपाटीवर दहा-पंधरा किलोमीटर धरा, जोतिबा-पन्हाळ्याच्या बाजूला डोंगराच्या सावलीत त्याहून कमी. हातात साधा रेडिओ घेऊन चारी दिशांना फिरा, आवाज कुठं फाटतो ते नकाशावर मांडा आणि त्या रेषेच्या आतल्या माणसांसाठीच कार्यक्रम करा. बोलके कार्यक्रम मोनोमध्येच सोडा. स्टिरिओमुळं कडेच्या गावांत खरखर वाढते आणि माणसाच्या बोलण्याला स्टिरिओचा काही उपयोगही नसतो.

त्या रेषेच्या आत कोण कोण आहे? पहाटे आणि संध्याकाळी दूध संस्थेत किटली घेऊन आलेल्या बाया. शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीत पाळीवर जाणारे कामगार, ज्यांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले बरेच. गांधीनगरच्या कापडपेठेतला सिंधी समाज. हंगामात बीडकडून आलेले ऊसतोड मजूर. रात्रीच्या विजेवर मोटर चालू करायला शेतात गेलेला शेतकरी. पेठांतली फुटबॉलवेडी पोरं. यातल्या प्रत्येकाची ऐकण्याची तास-दोन तासांची वेळ वेगळी. दूध घालायच्या वेळेला लांब चर्चा चालत नाही. तिथं दीड-दोन मिनिटांचे तुकडे हवेत: हवामान, गोठ्यातली एखादी सूचना, एक ओवी. दुपारी एक ते तीन घरातल्या बायका आणि म्हातारी माणसं, त्यांना मालिका आणि गोष्ट आवडते. ऊसतोड मजूर पहाटे फडात जातात आणि अंधार पडल्यावर कोपीवर (झोपडीवर) परततात, त्यांच्यासाठी साडेसातनंतरची पंधरा मिनिटं ठेवा आणि त्यात त्यांच्या गावाकडून मागवलेले आवाजी निरोप वाजवा. निरोप जमवायला मुकादमावर विसंबू नका, थेट बायकांकडून नंबर घ्या. एका हंगामात हा कार्यक्रम उभा राहतो, पण गाळप संपलं की तो बंद करायचा असतो, हेही आधीच वेळापत्रकात लिहा.

बऱ्याच नवीन स्मार्टफोनांत एफएम नसतं ही अडचण खरी आहे. त्यावर दूध संस्थेच्या कट्ट्यावर एक रेडिओ संच बसवून देणं हा सगळ्यांत सोपा उपाय. रांगेत उभं राहणाऱ्याला तसंही दुसरं काम नसतं, आणि तिथंच तुम्हाला प्रतिक्रिया फुकट मिळते.

आता साच्यांकडं येऊ. तुमच्या भागात न वापरलेला सगळ्यांत मोठा साठा आहे तो कामाच्या आवाजांचा. एक उदाहरण बारकाईनं सांगतो: गुऱ्हाळघरावर आठ मिनिटांचा, निवेदकाशिवायचा कार्यक्रम. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, वेव्ह फाइल. पातळी अशी लावा की सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल. माइकला स्पंजाची टोपी घाला आणि मोबाइल विमान मोडवर टाका, नाहीतर तो जवळ असला की घरघर रेकॉर्डिंगमध्ये शिरते. आधी कुणाशीही न बोलता चार आवाज प्रत्येकी दोन मिनिटं घ्या: चरकात ऊस जाताना, चुलवाणात चिपाड टाकताना, काहिलीत रस उकळताना, वाफ्यात पाक हलवताना. मग गुळव्याला (गूळ करणाऱ्याला) विचारायचं ते एवढंच, "दादा, आत्ता हातानं काय करताय ते करता करताच सांगा." उभं करून, काम थांबवून विचारलं की माणूस भाषण देतो. काम करता करता बोलला की तो पाण्यात टाकलेल्या पाकाची गोळी झाली का बघतो, मधेच चुलव्याला (जाळ घालणाऱ्याला) ओरडतो, परत तुमच्याकडं वळतो. ते ओरडणं कापू नका, कार्यक्रमाचा जीव तिथंच असतो. बोलण्यासाठी माइक तोंडापासून वीतभर, थोडा तिरका. चरकाच्या शेजारी मात्र बोलणं घेऊच नका. दहा-पंधरा पावलं बाजूला जाऊन बोला आणि चरकाचा आवाज नंतर खाली अंथरा, बोलण्याहून अठरा-वीस डेसिबल कमी. फौंड्रीला (धातूच्या ओतकामाच्या कारखान्याला) हाच नियम दुप्पट लागू, आणि तिथं रेकॉर्डिंगला मालकाची लेखी परवानगी घ्या. संगणकावर गोंगाट पुसायच्या सोयीचा मारा केला तर माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो, म्हणून चूक जागेवरच टाळायची.

अशा आठ मिनिटांतून आणखी तीन गोष्टी निघतात: गुळव्याच्या बोलण्यातून दोन मिनिटांचा सकाळचा तुकडा, उकळत्या रसाच्या आवाजावर एक कोडं ("हा आवाज कशाचा? ओळखा आणि कळवा"), आणि गुळाच्या भावावरच्या चर्चेची सुरुवात. एका फेरीतून चार कार्यक्रम काढले तरच बाहेर जाणं परवडतं.

संगीताचं प्रकरण वेगळं आणि जरा किचकट आहे. चित्रपटगीतांसाठी हक्कधारकांचा परवाना लागतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१ड मध्ये प्रसारकांसाठी वैधानिक परवान्याची वाट आहे, पण फुकट काहीच नाही. आणि खरं सांगायचं तर हिट गाण्यांत खासगी एफएमशी तुमची बरोबरी होणार नाही, करूही नका. प्रत्येक गावात भजनी मंडळ आहे, शाहीर आहेत, धनगरी ओव्या आहेत, हलगी आहे, जात्यावरच्या ओव्या आठवणाऱ्या आज्या अजून आहेत. तेच रेकॉर्ड करा. एक खाच मात्र लक्षात ठेवा: पुष्कळ भजनी मंडळं अभंग चित्रपटगीताच्या चालीवर म्हणतात. अभंग तुकोबांचा, त्यावर कुणाचा हक्क नाही, पण चालीवर असतो. रेकॉर्डिंगच्या आधी बुवांना पारंपरिक चालीच म्हणायला सांगा. गाणाऱ्यालाही कलावंत म्हणून कायद्यानं हक्क आहेत, तेव्हा एका पानाचं संमतिपत्र करा: नाव, काय गायलं, केंद्राला प्रसारणाची आणि पुनःप्रसारणाची परवानगी, इंटरनेटवर टाकायचं की नाही. शेवटचा मुद्दा वेगळा विचारायलाच हवा.

भजनाच्या रेकॉर्डिंगमध्ये टाळ घात करतात. देवळात सगळे गोलात बसतात, माइक मधे ठेवला जातो आणि ऐकायला फक्त टाळांचा कल्लोळ मिळतो. एकाच दिशेनं ऐकणारा कार्डिऑइड माइक घ्या, तोंड बुवांकडं आणि पाठ टाळकऱ्यांकडं. पेटी बुवांच्या बाजूला, मृदंग त्यांच्यापेक्षा दोन-तीन फूट मागं. टाळकऱ्यांना भिंतीपासून पुढं सरकवा आणि मागं घोंगडं नाहीतर वाकळ टांगा, दगडी गाभाऱ्याचा घुमारा बराच दबतो. हलगीला माइक दहा-बारा फूट लांब, कातड्याच्या अगदी समोर न धरता. हलगीचा ठोका इतका झटकन चढतो की काट्यावर दिसायच्या आत आवाज फाटलेला असतो, म्हणून पातळी आणखी सहा डेसिबल खाली ठेवा.

फोन-इन स्वस्त आहे, पण पहिली दहा मिनिटं फोन येतच नाहीत आणि निवेदक घाबरून बडबडतो. त्यासाठी आदल्या दिवशी व्हॉट्सअपवर मागवलेले चार-पाच आवाजी प्रश्न तयार ठेवा, प्रत्येकी चाळीस सेकंदांच्या आतले. फोन करणाऱ्याच्या घरचा रेडिओ मोठा असला की शिट्टी वाजते. फोन उचलणाऱ्यानं हवेवर घेण्याआधीच "रेडिओ बारीक करा, फोनमध्येच ऐका" हे सांगायचं. मिक्सरमधून फोनकडं जाणाऱ्या ओळीत फोन करणाऱ्याचा स्वतःचा आवाज परत जाऊ देऊ नका, नाहीतर त्याला आपलाच प्रतिध्वनी ऐकू येतो आणि तो अडखळतो. सात ते दहा सेकंदांचा विलंब ठेवा, शिवी किंवा कुणाचं नाव घेऊन केलेला आरोप तेवढ्यात कापता येतो. डॉक्टरांच्या कार्यक्रमात एकेका रुग्णाला औषधाचं नाव आणि मात्रा सांगायची नाही हे डॉक्टरांना आधीच बजावा. घरगुती हिंसेवर किंवा लहान मुलांवर काही करत असाल तर गाव, शाळा, नात्याचा उल्लेख, ज्यावरून माणूस ओळखू येईल असं सगळं काढा. आपल्याकडं नुसत्या गल्लीच्या उल्लेखानं अख्ख्या गावाला कळतं.

नाटिकेबद्दल एकच सल्ला: लिहून देऊ नका. प्रसंग ठरवा (सासू-सून आणि सोनोग्राफी, पतसंस्थेचा हप्ता थकलाय, पोरगीला पुढं शिकायचंय), पात्रं वाटा, तीनदा बोलून बघा आणि चौथ्यांदा रेकॉर्ड करा. कागद हातात आला की कोल्हापुरी बोलणं पुस्तकी होतं. "काय करालाईस?" म्हणणारी बाई कागद बघून "आपण काय करीत आहात?" म्हणायला लागते. हाच नियम निवेदकांना. आकाशवाणी सांगलीचं शुद्ध निवेदन लोकांच्या कानात बसलंय, त्यामुळं स्वयंसेवक त्याची नक्कल करतात. ती मोडायला एक महिना लागतो, तेवढा द्या.

भाषा तीच एक ठेवू नका. गांधीनगरसाठी आठवड्यातून अर्धा तास सिंधी, एमआयडीसीतल्या कामगारांसाठी हिंदी-भोजपुरी. पण मराठी निवेदकानं तोडकं हिंदी बोलून नव्हे, त्यांच्यातलाच कुणी उभा करून. तामिळनाडूत पांबनचं कडल ओसै हे केंद्र मच्छीमारांसाठीच चालतं, तेलंगणात माचनूरचं संघम रेडिओ २००८ पासून दलित शेतकरी बायका चालवतात. जवळची उदाहरणं हवी असतील तर जत तालुक्यात जालिहाळची येरळावाणी आणि म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी. एक दिवस जाऊन त्यांचं वेळापत्रक भिंतीवर बघून या, सल्ल्यापेक्षा ते जास्त शिकवतं.

फुटबॉल तर हाताशी आहे. शाहू स्टेडियमवरच्या सामन्यानंतर प्रेक्षकांचे आवाज, पेठेतल्या जुन्या खेळाडूच्या आठवणी, तालमीच्या (पेठेतल्या फुटबॉल संघाच्या मंडळाच्या) कट्ट्यावरचा वाद, असा वीस मिनिटांचा कार्यक्रम हंगामभर चालतो. दोन्ही बाजूंची मिनिटं घड्याळ लावून सारखी ठेवा. इथं हसण्यावारी नेऊ नका, एका तालमीला तीन मिनिटं जास्त गेली तर दुसऱ्या दिवशी दारात माणसं येतात.

बातम्यांचा नियम नीट समजून घ्या. स्वतःच्या बातम्या आणि राजकीय चालू घडामोडी सामुदायिक केंद्राला करता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. पण हवामान, वाहतूक, सण-उत्सव, परीक्षा आणि प्रवेश, नोकरीच्या संधी, तसंच वीज, पाणी, आपत्ती आणि आरोग्याबद्दल स्थानिक प्रशासनानं दिलेल्या सूचना हे बातम्यांत मोडत नाही. म्हणजे लोकांना रोज खरोखर लागणारी माहिती तुम्हाला मोकळीच आहे. कार्यक्रमांपैकी निदान निम्मे स्थानिक पातळीवर बनलेले असावेत ही अट तर तुम्ही वर सांगितलेल्या पद्धतीनं सहज ओलांडाल. जाहिरातीला तासाला बारा मिनिटांची मुभा आहे. ती ओढूनताणून भरू नका, आणि जी घ्याल ती दुकानदाराच्या स्वतःच्या आवाजात करा, कार्यक्रमातलाच एक तुकडा वाटतो.

पुराचं वेळापत्रक मे महिन्यातच वेगळं लिहून ठेवा, कारण पावसाळ्यात तुमचं केंद्र वेगळंच काम करतं. २००५, २०१९, २०२१ नंतर प्रयाग चिखली, आंबेवाडीच्या माणसाला पंचगंगेची पातळी सोडून दुसरं काही ऐकायचं नसतं. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की प्रत्येकातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं. हे आकडे प्रत्येक निवेदकाला पाठ हवेत. पातळी फक्त जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाकडून आलेली सांगायची, व्हॉट्सअपवर फिरणारी नाही. आणि प्रत्येक वेळी आधी वेळ, मग आकडा: "सकाळी सात वाजता राजाराम बंधाऱ्यावर एकेचाळीस फूट चार इंच." मग काय करायचं ते एका वाक्यात: जनावरं हलवा, कुठला रस्ता बंद, निवारा कुठल्या शाळेत. दर अर्ध्या तासाला, मधे नेहमीचं गाणं-भजन चालू. अखंड सूचना ऐकून माणसं रेडिओ बंद करतात.

इथं हमखास होणारी चूक आहे ती स्वयंचलित प्रसारणाची. सकाळी सातची पातळी रेकॉर्ड करून यादीत टाकली जाते, नेहमीच्या सवयीनं दुपारच्या पुनःप्रसारणात ती परत वाजते आणि पाणी दोन फूट चढलेलं असताना गाव जुना आकडा ऐकून निवांत बसतं. म्हणून पुराची पातळी कधीच रेकॉर्ड करून लावायची नाही, थेटच वाचायची. रेकॉर्ड करावीच लागली तर फाइलच्या नावात तारीख, तास आणि "दुपारी नको" लिहा, आणि प्रसारणाच्या सॉफ्टवेअरमध्ये मुदत घाला, म्हणजे तासाभरानं ती आपोआप यादीतून उडेल. प्रक्षेपक आणि बॅटरी तळमजल्यावर असतील तर आधी त्या वर न्या. जनित्राला तीन दिवसांचं डिझेल कॅनमध्ये, आणि केंद्रावर झोपायची तयारी असलेल्या दोन स्वयंसेवकांची नावं फळ्यावर. ते दोघं नदीच्या एकाच काठाचे नकोत, रस्ता बंद झाला की दोघंही अडकतात.